छापखान्यातला चित्रकार

मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत, वरच्या मजल्याच्या सज्जात, दिएगो रिव्हेराने १९२८ साली रंगवलेले एक भित्तिचित्र आहे. मराठीत त्याचे नाव ‘आमची भाकरी’ असे सांगता येईल. मेजाभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत आणि मेजाच्या टोकाशी बसलेला एक गंभीर चेहऱ्याचा गृहस्थ पाव मोडतो आहे. हा चेहरा वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा, असे मानले जाते. गदर चळवळीतून परागंदा झालेले खानखोजे फिरत फिरत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी प्रयोग केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. रिव्हेरा त्याच सुमारास चापिंगोतल्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती रंगवत होता. वऱ्हाड-वर्ध्याकडचा एक माणूस मेक्सिकोच्या क्रांतीच्या भिंतीवर जाऊन बसावा, ही गोष्ट आपल्याला सुखावते आणि सुखवावीही. पण तिला एक दुसरी बाजू आहे. ज्या शेतकऱ्याच्या भाकरीचे ते चित्र, त्याला ते पाहायचे तर राजधानी गाठावी लागे, मंत्रालयाचा दरवाजा ओलांडावा लागे आणि जिने चढावे लागत. आपल्यापैकी ज्यांना ते चित्र ठाऊक आहे, त्यांतल्या बहुतेकांनी ते पाहिले आहे छापील पानावर.

मेक्सिकोची भित्तिचित्रे ही विसाव्या शतकातली सर्वांत गाजलेली लोककेंद्री कला, असे कलेच्या इतिहासात सरसकट लिहिले जाते. रिव्हेरा, ओरोस्को, सिकेइरोस ही तीन नावे एका दमात घेतली जातात. चौथे नाव सहसा येत नाही. माझे म्हणणे असे, की लोकांसाठी, लोकांच्या हाती पडेल अशी कला करण्याचा जो शब्द या चित्रकारांनी दिला, तो पाळला गेला भिंतीपेक्षा कागदावर. आणि याचा सर्वांत पक्का पुरावा म्हणजे लेओपोल्दो मेंदेस या माणसाची चाळीस-पंचेचाळीस वर्षांची कारकीर्द. त्याने भिंतीही रंगवल्या, पण थोड्या. आयुष्य घातले ते लाकूड, दगड आणि लिनोलियम यांच्या ठशांत.

आधी भिंतींचा हिशेब पाहू. क्रांतीची धामधूम ओसरल्यावर होसे व्हास्कोन्सेलोस शिक्षणमंत्री झाला आणि त्याने चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती खुल्या करून दिल्या. १९२२ पासून कामे सुरू झाली. चित्रकारांनी स्वतःला कामगार म्हणवून घेत संघटना काढली, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी चौकटीतली चित्रे करणे सोडून सर्वांच्या मालकीची भव्य कला करू, अशा अर्थाचा जाहीरनामा काढला. हेतू खरा होता. पण भिंत कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्या जाहीरनाम्याने बाजूला ठेवला आणि भिंतीने मात्र तो लगेच विचारला. १९२४ मध्ये राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयातल्या चित्रांवर विद्यार्थ्यांनीच हल्ला केला, ओरोस्कोची चित्रे विद्रूप केली, काम थांबले. व्हास्कोन्सेलोसने पद सोडले. सिकेइरोसने लॉस एंजेलिसमध्ये १९३२ साली केलेले मोठे चित्र पुढे चुना फासून झाकले गेले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधले रिव्हेराचे चित्र १९३४ मध्ये फोडून टाकण्यात आले. त्यात लेनिनचा चेहरा होता आणि पैसे रॉकफेलरचे होते. यजमान बदलला किंवा बिथरला की भिंत गप्प होते.

या सगळ्यात एक तारीख मला सर्वांत बोलकी वाटते, आणि ती भिंतीची नाही. मार्च १९२४ मध्ये याच चित्रकारांच्या संघटनेने ‘एल माचेते’ नावाचे वर्तमानपत्र काढले. माचेते म्हणजे ऊस तोडायचा लांब कोयता. मोठ्या आकाराचा कागद, लाल-काळी शाई, आणि सिकेइरोस व शाविएर गेर्रेरो यांनी लाकडात कोरलेली ठसठशीत चित्रे. अंक असा बेतलेला, की घडी उलगडून सरळ रस्त्यातल्या भिंतीवर चिकटवता यावा. देशातली बहुसंख्य माणसे तेव्हा निरक्षर होती, त्यामुळे चित्र हाच अग्रलेख. भिंतीचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते दोन वर्षांच्या आत कागदाकडे वळले, हे त्यांच्या चरित्रांत एखाद्या परिच्छेदात उरकले जाते. खरे तर ती कबुली होती.

कागदाची ही वाट त्यांनी शोधून काढली नव्हती; ती आधीच मळलेली होती. आग्वासकाल्येंतेस गावचा होसे ग्वादालुपे पोसादा हा खोदकाम करणारा कारागीर राजधानीत आंतोनिओ व्हानेगास आर्रोयोच्या छापखान्यासाठी वर्षानुवर्षे ठसे करून देत होता. खून, भूकंप, फाशी, चमत्कार, नवी प्रेमगीते, स्वयंपाकाची पुस्तके, लहान मुलांचे खेळ, जे विकेल ते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण आला की हाडांच्या सापळ्यांची पत्रके निघत. त्यात मंत्रीही सापळा, पाववालीही सापळा, आणि खाली चिमटे काढणाऱ्या कविता. हे कागद बाजारात, जत्रेत, रेल्वे स्थानकाबाहेर विकले जात. पोसादा १९१३ साली वारला, गरिबांसाठीच्या कबरीत पुरला गेला, आणि काही वर्षांनी त्याची हाडे सामाईक खड्ड्यात गेली. त्याच्या नावाची आठवण कलेच्या जगाला १९२५च्या सुमारास चित्रकार झाँ शार्लोने करून दिली. पुढे रिव्हेराने पोसादाच्या टोपीवाल्या सापळ्याला पूर्ण देह आणि पायघोळ पोशाख देऊन १९४७-४८ मध्ये आलामेदा बागेच्या प्रचंड चित्रात मधोमध उभे केले, तीच आज जगभर ठाऊक असलेली ‘कात्रिना’. मूळ चित्र एका स्वस्त पत्रकावरचे, फक्त डोके आणि हॅट. रिव्हेराची भिंत होती प्रादो नावाच्या आलिशान हॉटेलच्या भोजनगृहात, आणि चित्रातल्या एका फलकावर ‘देव नाही’ असे शब्द असल्यामुळे ते चित्र काही वर्षे झाकलेलेच राहिले. १९५६ मध्ये रिव्हेराने ते शब्द काढले तेव्हा कुठे ते उघडे झाले. पोसादाचे पत्रक झाकायचे म्हटले तर कुणी कुठे कुठे पडदे लावणार होते?

मेंदेस जन्मला ३० जून १९०२ रोजी मेक्सिको सिटीत. बाप चांभार, पोर्फिरिओ दिआसच्या हुकूमशाहीचा विरोधक. आई खेड्यातली, मूळनिवासी घराण्यातली. आईबाप फार लवकर गेले, मुलाला आजी आणि आत्या यांनी वाढवले. पंधराव्या वर्षी तो सान कार्लोस कला अकादमीत गेला, नंतर उघड्या माळावर चित्र काढायला शिकवणाऱ्या चिमालिस्ताकच्या शाळेत. भित्तिचित्रांची लाट उठली तेव्हा तो विशीत होता. वयाने जरा धाकटा, नावाने अपरिचित, त्यामुळे मोठ्या भिंती त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. त्याच्या कारकिर्दीचे हे सरळसोट स्पष्टीकरण आहे आणि ते अर्धे खरे आहे: भिंत मिळाली नाही म्हणून तो कागदाकडे गेला. उरलेले अर्धे खरे असे, की पुढे भिंत मिळण्याइतका मोठा झाल्यावरही त्याने कागद सोडला नाही.

विशीतली काही वर्षे त्याने ‘एस्त्रिदेंतिस्ता’ म्हणजे कर्कशवादी कवींच्या संगतीत काढली. मानुएल माप्लेस आर्से, हेर्मान लिस्त आर्सुबिदे ही मंडळी विजेचे खांब, मोटारी, कारखान्यांचे भोंगे यांवर कविता लिहीत. व्हेराक्रूस प्रांताचा गव्हर्नर एरिबेर्तो हारा त्यांच्यावर मेहेरबान होता, म्हणून सगळा कळप शालापा या डोंगरातल्या गावी गेला आणि तिथून १९२६-२७ मध्ये ‘ओरिसोंते’ हे मासिक काढू लागला. मेंदेस त्यासाठी चित्रे आणि लाकडी ठसे करी. छापखाना प्रांतिक सरकारचा. १९२७ मध्ये हाराची सत्ता गेली आणि मासिक, चळवळ, चुरचुरीत जाहीरनामे सगळे एका झटक्यात संपले. पंचविशीतल्या माणसाला यजमानाच्या जिवावर चालणाऱ्या कलेचा धडा याहून स्वस्तात मिळाला नसता. या काळातले त्याचे ठसे कोनाकोनांचे, युरोपच्या नव्या कलेचे उसने कपडे घातलेले आहेत. हात तयार आहे, पण सांगायचे काय ते अजून सापडलेले नाही.

ते सापडले १९३४ मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी संगमरवरी ‘बेयास आर्तेस’ महालाचे थाटात उद्घाटन झाले. आत रिव्हेरा आणि ओरोस्को यांची नवी भित्तिचित्रे होती. मेंदेस तेव्हा क्रांतिकारक लेखक-कलावंतांच्या संघात होता आणि नोव्हेंबरमध्ये त्या संघाच्या ‘फ्रेंते आ फ्रेंते’ मासिकाचा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर मेंदेसचा ठसा : सापळ्यांची वाद्यमैफल. महालात प्रतिष्ठित सापळे संगीत ऐकत बसले आहेत, त्यांच्यात रिव्हेराही ओळखू येतो. आणि ज्यांच्या नावाने ही कला चालली आहे ते दरिद्री लोक दाराबाहेर. पोसादाची जुनी क्लृप्ती, मृतांच्या सणाचा जुना मुहूर्त, आणि नेम धरला आहे थेट भित्तिचित्रांच्या सम्राटावर. हा ठसा म्हणजे टीकालेखच आहे. लोकांची कला महालात जाऊन बसली तर ती लोकांची उरते का, हे मेंदेस एका पानात विचारतो, आणि ज्याला अक्षर येत नाही त्यालाही विचारतो.

१९३७ मध्ये मेंदेस, पाब्लो ओ’हिगिन्स आणि लुईस आरेनाल यांनी ‘ताल्येर दे ग्राफिका पोपुलार’, म्हणजे लोकांचा चित्रछापखाना, सुरू केला. ओ’हिगिन्स हा अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचा; रिव्हेराचा साहाय्यक म्हणून आलेला आणि मेक्सिकोतच मुरलेला. त्यांच्याकडे जुने फ्रेंच शिळाछाप यंत्र होते. १८७१च्या पॅरिस कम्यूनची पत्रके याच यंत्रावर निघाली होती, अशी आख्यायिका तिथे अभिमानाने सांगितली जाई. खरी असो वा नसो, यंत्राला अशी वंशावळ द्यावीशी वाटणे यातच त्या मंडळींचा स्वभाव दिसतो. काम कसे चाले? एखादी कामगार संघटना संप करणार असे, शेतकऱ्यांच्या परिषदेची तारीख ठरलेली असे, कुठे निरक्षरता हटवण्याची मोहीम असे. मागणी येई. सगळे बसून विषय ठरवत, कोणीतरी कच्चे चित्र करी, बाकीचे त्यावर तुटून पडत: हा हात असा का, हा माणूस खेड्यातला वाटत नाही, अक्षरे लांबून वाचता येत नाहीत. मग चित्र बदलले जाई. एकट्याच्या प्रतिभेचा तोरा इथे चालत नसे, निदान चालू नये असा नियम होता.

आणि साधन होते लिनोलियम. हा जमिनीवर अंथरायचा जिन्नस: जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांचा थर तागाच्या कापडावर बसवलेला. लाकडाला रेषा असतात, कोरणी त्या रेषांच्या विरुद्ध गेली की अडखळते, ढलपा उडतो. लिनोलियमला अंगचा कल नसतो, कोरणी कुठल्याही दिशेला वळते. उन्हात किंवा शेगडीजवळ जरा ऊब दिली की ते लोण्यासारखे कापले जाते. स्वस्त आणि मोठ्या आकारात मिळणारे. लाकडी ठोकळ्यावर बसवून खिळ्यांच्या उंचीला आणले की मजकुराबरोबर एकाच फर्म्यात आवळता येते, म्हणजे चित्र आणि शब्द एका दाबात छापून निघतात. जे कोरून काढाल ते पांढरे, जे सोडाल ते काळे. चित्रकार काळोखापासून सुरुवात करतो आणि एकेक चर काढत उजेड आत घेतो. मेंदेसच्या हाती यासाठी एक खास हत्यार होते. टोकाला अनेक दाते असलेली कोरणी, जिच्या एका ओढीत समांतर बारीक रेषांचा पट्टा निघतो. हेच हत्यार पोसादा वापरत असे. मेंदेसच्या आकाशाकडे, धुराकडे, चेहऱ्यावरच्या सावल्यांकडे जवळून पाहिले तर त्या पट्ट्यांची वीण दिसते. कुठे सरळ, कुठे एकमेकींना छेदणारी, कुठे गालाच्या गोलाईबरोबर वळलेली. लांबून तो करडा रंग वाटतो. करडा रंग तिथे नाहीच, फक्त काळी शाई आणि कोरा कागद.

कागदाच्या या वाटेने काय साधले हे दोन कामांवरून पाहावे. १९३० नंतरच्या दशकात सरकारने समाजवादी शिक्षणाचे धोरण आणले, आणि खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांवर धर्माच्या नावाने हल्ले होऊ लागले. १९३९ मध्ये मेंदेसने शिळाछाप पद्धतीने सात चित्रांचा संच काढला. त्याच्या शीर्षकातच म्हटले होते की ख्रिस्ताच्या नावाने दोनशेहून अधिक शिक्षक मारले गेले. प्रत्येक चित्र एका खऱ्या खुनाचे, खाली शिक्षकाचे नाव, गाव, तारीख. त्यातला एक शिक्षक ग्वानाहुआतो प्रांतातल्या आकांबारो इथे जून १९३८ मध्ये स्वतःच्या विद्यार्थ्यांदेखत मारला गेला. भित्तिचित्रात शहीद असतात, पण बहुधा एक जातकुळी म्हणून: शेतकरी, कामगार, सैनिक. इथे पंचनाम्यासारखी नोंद आहे, आणि घटनेनंतर वर्षभरात ती छापून निघते. एवढी चपळाई ओल्या गिलाव्यावर रंगवणाऱ्याला शक्यच नाही.

दुसरे काम १९४२चे, ‘मृत्यूकडे हद्दपारी’. नाझींपासून पळून आलेले अनेक जर्मन आणि मध्य युरोपीय लेखक तेव्हा मेक्सिकोत आसऱ्याला होते. त्यांच्या ‘एल लिब्रो लिब्रे’ या प्रकाशनाने १९४३ मध्ये युरोपातल्या नाझी दहशतीचे ‘काळे पुस्तक’ काढले, चित्रांची बाजू बाऊहाऊसचा माजी संचालक हान्नेस मायर सांभाळत होता, आणि मेंदेसचा हा लिनोकट त्यात आला. रात्र. मालगाडी. डब्याच्या उघड्या दारात कोंबलेली माणसे, आणि गणवेशातल्या शिपायाच्या हातातला कंदील. उजेड एवढाच. मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांचे, कलेत उमटलेले हे अगदी पहिल्या काही चित्रांपैकी एक. छावण्या उघडून जगाला त्यांचे फोटो दिसायला अजून दोन-तीन वर्षे होती. मेंदेसने हे काही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते; निर्वासितांच्या तोंडून ऐकले आणि बातम्यांतून वाचले होते. कंदील त्याने त्या लोकांच्या तोंडावर धरला. महासागरापलीकडच्या एका छापखान्यात बसून, ज्या बातमीवर युरोपातच अनेकांचा विश्वास बसत नव्हता, तिचे चित्र लिनोलियमच्या एका तुकड्यावर उभे राहिले.

आता हरकती. पहिली अशी, की कागदही सरकारच्या कृपेवरच जगत होता. यात तथ्य आहे. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनासच्या काळात, म्हणजे १९३४ ते १९४०, या मंडळींना वारे अनुकूल होते. मेंदेसने शिक्षण खात्यात नोकरी केली होती. त्या ‘काळ्या पुस्तका’लाही राष्ट्राध्यक्ष आव्हिला कामाचोचा आधार होता. पण आधार असणे आणि जागाच त्याची असणे यांत फरक आहे. सरकारने पाठ फिरवली तर छापखान्याचे दिवस कठीण जात. छापून गेलेला कागद परत मागता येत नसे. भिंतीच्या बाबतीत सरकारने नुसते दार लावून घेतले तरी पुरते.

दुसरी हरकत जास्त टोचणारी आहे. लोकांची कला म्हणता, मग ती संग्राहकांच्या कपाटात कशी? १९४७ मध्ये ताल्येरने मेक्सिकन क्रांतीच्या इतिहासावर ८५ ठशांचा प्रसिद्ध संच काढला, त्याच्या प्रती होत्या ५५०. ५५० प्रतींनी कुठली क्रांती घरोघर पोचते? चांगल्या कागदावरचे, सही केलेले असे संच अमेरिकेतल्या ग्राहकांना विकले जात, हेही खरे. मी याचा बचाव करणार नाही, फक्त हिशेबाची दुसरी बाजू दाखवीन: छापखान्याचे भाडे आणि शाईचे पैसे भागवायला अशा विक्रीचा हात लागे, आणि संपाचे पोस्टर, मृतांच्या सणाची सापळ्यांची पत्रके, फॅसिझमविरोधी व्याख्यानांचे मोठे कागद स्वस्तात नाहीतर फुकट निघत. आज संग्रहालयात जे दिसते ते उरलेले. जे काम खरे झाले ते पावसात भिजून, फाटून, चुन्याखाली जाऊन संपले. त्यामुळे या कलेला तिच्या शिलकीवरून जोखताना जरा सांभाळून जोखावे.

तिसरी हरकत राजकारणाची, आणि तिला टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही मंडळी कम्युनिस्ट पक्षाची किंवा त्याच्या वर्तुळातली होती. २४ मे १९४० रोजी मेक्सिको सिटीत ट्रॉट्स्कीच्या घरावर सिकेइरोसच्या टोळीने गोळीबार केला, त्यात ताल्येरचे लुईस आरेनाल आणि आंतोनिओ पुहोल सामील होते. ट्रॉट्स्की वाचला, त्याचा तरुण अमेरिकन रक्षक रॉबर्ट शेल्डन हार्ट पुढे मेलेला सापडला. स्टालिनच्या रशियात काय चालले आहे याबद्दल या ठशांत अवाक्षर नाही. काळे-पांढरे हे तंत्र होते तसे मनाचे वळणही होते, असे कोणी म्हटले तर त्याला गप्प करता येणार नाही. मेंदेसच्याही कामात भांडवलदार म्हणजे ढेरपोट्या, पुढारी म्हणजे लांडगा अशी साचेबंद चित्रे भरपूर आहेत, आणि ती आज कंटाळा आणतात. तरी ज्या माणसाने १९३४ मध्ये आपल्याच बाजूच्या सर्वांत मोठ्या चित्रकाराला सापळ्यांत बसवले आणि पुढे १९४०च्या दशकात ज्याची पक्षाशी फारकत झाली, त्याला नुसता हुकमाचा ताबेदार म्हणणे जमत नाही. साचा आणि माणूस यांत तो जिथे माणसाकडे झुकला, तिथले काम टिकले.

मेंदेसने भिंती रंगवल्या त्यांचे काय? १९३६ मध्ये ओ’हिगिन्स, आल्फ्रेदो साल्से आणि फेर्नांदो गाम्बोआ यांच्याबरोबर त्याने एक मोठे भित्तिचित्र केले, आणि जागा होती सरकारी मुद्रणालय. भिंत मिळाली तीही छापखान्यातली! १९४६-४७ मध्ये ओ’हिगिन्सबरोबरच त्याने सामाजिक विमा संस्थेच्या दवाखान्यात मातृत्वावर चित्र केले. ही कामे वाईट नाहीत. पण त्यात मेंदेस पाहुण्यासारखा वाटतो. रंग त्याला नको असे, गर्दी त्याला पेलत असे पण पसरट जागा नव्हे. त्याचा आवाका हाताच्या तळव्याएवढ्या जागेत कोंडला की त्याला धार येई.

गंमत अशी, की त्याच सुमारास त्याला कुठल्याही भित्तिचित्रकाराला मिळाली नाही एवढी मोठी भिंत मिळाली. दिग्दर्शक एमिलिओ फेर्नांदेस आणि छायाचित्रकार गाब्रिएल फिगेरोआ यांनी ‘रिओ एस्कोंदिदो’ हा चित्रपट काढला. कथा एका खेड्यात शिकवायला जाणाऱ्या शिक्षिकेची, भूमिकेत मारिया फेलिक्स. श्रेयनामावलीच्या मागे मेंदेसचे दहा लिनोकट. अंधाऱ्या चित्रपटगृहात ते पडदाभर उलगडतात: हातात मशाली घेऊन चालून येणारे गावकरी, माजलेला सत्ताधारी, किडकिडीत शिक्षिका. त्याच चित्रपटात सुरुवातीला ती शिक्षिका राष्ट्राध्यक्षांना भेटायला राष्ट्रीय प्रासादाच्या जिन्यावरून वर जाते, समोर रिव्हेराची प्रख्यात भित्तिचित्रे आणि त्यांवर घनगंभीर निवेदन. एकाच फितीत दोन्ही कला शेजारी आहेत. रिव्हेराची भिंत राष्ट्र म्हणजे काय ते व्याख्यान देऊन समजावते आणि नायिका मान वर करून ऐकते. मेंदेसचे ठसे मात्र तिच्या बरोबरीने धुळीत चालतात. हा चित्रपट स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या गावोगावच्या तंबूत आणि थिएटरात पोचला. तिथे मशालींचा तो ठसा पाहिलेल्या किती जणांनी राजधानीतला तो जिना कधी चढला असेल?

छापखान्याची दारेही बाहेरच्यांना उघडी होती. आफ्रिकन-अमेरिकन शिल्पकार एलिझाबेथ कॅटलेट १९४६ मध्ये मेक्सिकोत आली, ताल्येरमध्ये लिनोलियम कोरायला बसली, तिथलीच झाली. रुंद काठाची हॅट घातलेल्या कूळ-शेतकरीण बाईचा तिचा १९५२चा ठसा आज अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या कलेतला सर्वांत ओळखीचा चेहरा आहे. त्या बाईच्या गळ्यावरच्या रेषा पाहा, मेंदेसच्या शेजारी बसल्याच्या खुणा तिथे आहेत.

१९५०च्या दशकात मेंदेसने एक रुंद लिनोकट केला, पोसादाला वाहिलेला. पोसादा मेजाशी बसला आहे, हातात कोरणी, नजर खिडकीबाहेर. बाहेर घोडेस्वार पोलीस लोकांना झोडपत आहेत. मागे हुकूमशाहीविरुद्ध झगडणारा रिकार्दो फ्लोरेस मागोन उभा. कोरणी अजून धातूला टेकलेली नाही. चित्रातला क्षण कोरण्याच्या आधीचा, पाहण्याचा आहे. चित्र उत्तम, इतिहास कच्चा. खरा पोसादा मालकाने सांगितलेले करी; त्याने क्रांतिकारकांचीही टर उडवली, फ्लोरेस मागोन त्याच्या मागे असा उभा राहत नव्हता. मेंदेसने स्वतःसाठी पूर्वज घडवला. पण घडवताना निवड कोणाची केली ते पाहावे. अकादमीतला कोणी गुरू नाही, भिंतीवरचा कोणी सम्राट नाही, तर बेवारस खड्ड्यात गेलेला छापखान्याचा नोकर.

दशकाच्या शेवटी ताल्येरमध्ये भांडणे झाली आणि मेंदेस स्वतःच उभारलेल्या त्या छापखान्यातून बाहेर पडला. मग त्याने छायाचित्रकार मानुएल आल्व्हारेस ब्राव्हो, कवी कार्लोस पेयिसेर आदींच्या साथीने मेक्सिकन चित्रकलेवरची मोठी पुस्तके काढणारी प्रकाशनसंस्था उभी केली. पहिलेच मोठे पुस्तक, १९६०चे, क्रांतीच्या भित्तिचित्रांवर. ज्या भिंतींची त्याने तरुणपणी सापळे काढून थट्टा केली, त्या त्याने शाईत उतरवून घरोघर न्यायला दिल्या. १९६३ मध्ये पोसादावरचे पुस्तक आले. त्यानंतर तो मेक्सिकोच्या लोककलेवरच्या पुस्तकाला लागला: मडकी, मुखवटे, कागदी सापळे, सणापुरत्या केलेल्या आणि सण संपल्यावर मोडून टाकल्या जाणाऱ्या वस्तू. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी तो वारला तेव्हा ते काम पुरे झालेले नव्हते. सहकाऱ्यांनी ते पुरे केले, आणि १९७१ मध्ये ते छापून निघाले.